पहाऱ्यावरचा कंटाळा : ‘बफेलो सोल्जर्स’च्या निमित्ताने

सोमाटण्याच्या फाट्यावर उभे राहिले की लष्कर दिसते ते बहुधा वाहनांच्या तांड्याच्या रूपाने. ताडपत्रीने झाकलेले ट्रक एकामागून एक जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने जात असतात आणि आत काय आहे, हे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. एका बाजूला देहूरोडची छावणी, दुसऱ्या बाजूला तळेगावचे केंद्रीय राखीव पोलीस दल आणि घाटमाथ्यावर, लोणावळ्याला, १९४५ पासून नौदलाचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र. मावळातला माणूस गणवेशाच्या शेजारी लहानाचा मोठा होतो. आमच्या छोट्या धर्मग्रामातही निवृत्त सैनिकांची काही घरे आहेत. पहाटेच्या मिस्सासाठी चर्चचे दार उघडताना भरतीच्या तयारीने रस्त्यावर धावणारी दोन-तीन मुले आम्हांला रोज दिसतात. २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आल्यापासून चार वर्षांच्या त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेल्यांपैकी ती आहेत.

याच मुलांनी गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे एक विनंती केली. धर्मग्रामाच्या सभागृहात त्यांना ‘बफेलो सोल्जर्स’ हा इंग्रजी चित्रपट दाखवायचा होता. ‘फादर, फार हसवतो’, एवढीच त्यांची शिफारस. परवानगी देण्यापूर्वी आम्ही तो स्वतः पाहावा, हे आम्हांला उचित वाटले. सोबतीला धर्मग्रामातील एका निवृत्त सुभेदारांना बोलावले. ज्या जगाची थट्टा होणार होती, ते जग त्यांनी आतून पाहिलेले होते. प्रस्तुत लेख हा त्या दोन तासांचा आणि त्यानंतर बराच काळ चाललेल्या विचारांचा जमाखर्च आहे.

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक ग्रेगर जॉर्डन यांनी रॉबर्ट ओ’कॉनर यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून हा चित्रपट केला. कथा १९८९ ची, पश्चिम जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या अमेरिकन छावणीतली. शीतयुद्ध संपत आले आहे, समोर शत्रू आहे पण तो येत नाही आणि रसद-पुरवठ्याच्या एका पलटणीत शेकडो तरुण दिवस ढकलीत आहेत. रे एलवुड (वाकीन फीनिक्स) हा त्या पलटणीतला कारकून. तुरुंग की सैन्य, असा पर्याय पुढे आल्यावर त्याने सैन्य पत्करलेले आहे. कर्नल बर्मन (एड हॅरिस) यांचे सारे कागद त्याच्या हातून जातात आणि कर्नलसाहेब कागद वाचत नाहीत. एवढ्या एका फटीतून एलवुडचा सारा व्यापार चालतो. सरकारी कोठारातला माल काळ्या बाजारात जातो, छावणीतल्या छावणीत हेरॉईन शिजते व विकले जाते आणि पलटणीच्या कागदोपत्री मात्र सर्व काही यथास्थित असते.

चित्रपटातले दोन प्रसंग विसरता येण्यासारखे नाहीत. बराकीतच सैनिकांचा चेंडूचा खेळ रंगला आहे. नशेत असलेला एक जण पडतो, त्याचे डोके आपटते आणि तो मरतो. कुणाला धक्का बसत नाही, कारण तेथे कुणी पुरते जागेच नाही. दुसरा प्रसंग सरावाच्या दिवसाचा. अमली पदार्थाच्या अमलाखाली असलेले रणगाड्याचे पथक वाट चुकते, गावच्या बाजारात शिरते, एक छोटी मोटार चिरडते आणि पुढे पेट्रोल पंपावर जाऊन आदळते. त्या स्फोटात शस्त्रांचे ट्रक घेऊन निघालेले सैनिक मरतात. एलवुडला ते ट्रक बेवारस सापडतात आणि त्यातून त्याचा पुढचा मोठा सौदा सुरू होतो. रणगाड्याच्या आत बसलेल्या पोरांना आपण काय केले, याचा पत्ताही नसतो. प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपण कशाला हसलो, म्हणून थबकतो. ‘ब्लॅक कॉमेडी’ ज्याला म्हणतात त्या कृष्णविनोदाचे हेच काम असते आणि या प्रसंगात दिग्दर्शकाने ते चोख बजावले आहे.

या चित्रपटाच्या नशिबीही एक कृष्णविनोद लिहिलेला होता. सप्टेंबर २००१ च्या आरंभी टोरांटोच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. त्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. अमेरिकन सैनिकाची चेष्टा करण्याचे ते दिवस नव्हते. प्रदर्शन पुन्हा पुन्हा लांबणीवर पडले आणि चित्रपट अमेरिकेत झळकला तो २००३ च्या जुलैत, म्हणजे इराकमध्ये सैन्य उतरल्यानंतर. शांततेतल्या सैनिकांचे व्यंगचित्र लोकांपुढे आले ते युद्धकाळात. साहजिकच अनेकांनी त्यात देशद्रोह पाहिला आणि त्यातला मूळ प्रश्न बाजूला पडला.

तो मूळ प्रश्न लष्कराचा नाही, कंटाळ्याचा आहे. ही माणसे भ्रष्ट का झाली? त्यांना पगार मिळतो, अन्न मिळते, अंगावर चांगले कपडे आहेत. गरिबीने त्यांना चोरीला लावलेले नाही. त्यांच्या कामातला अर्थ निघून गेला आहे आणि कामाचा सांगाडा तेवढा उरला आहे. हजेरी आहे, सलाम आहे, मोजदाद आहे, परंतु हे सर्व कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर कुणाजवळ नाही. त्या रिकाम्या जागेत जे शिरायचे तेच शिरते.

सेमिनरीत शिकत असताना सात प्रमुख पापांपैकी ‘आळस’ या पापाविषयी आम्हांला नेहमी कुतूहल वाटे. खून, व्यभिचार यांच्या उगमांच्या पंक्तीला बिचाऱ्या आळसाला का बसवले असावे? पुढे कळले की मूळ शब्द ‘अ‍ॅसिडिया’ हा आहे आणि त्याचा अर्थ अंथरुणात लोळणे असा मुळीच नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्यस्ताने त्याला मध्यान्हीचा सैतान म्हटले. दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते, संन्यासी सारखा खोलीबाहेर डोकावतो, त्याला आपली जागा, आपले व्रत, आपले बांधव यांचा वीट येतो आणि दुसरीकडे कुठेतरी आपले भले झाले असते, असा विचार त्याच्या मनात घर करतो. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी या विकाराला ईश्वरी हिताविषयी वाटणारे दुःख म्हटले. जे चांगले आहे त्यानेच मन जड होणे, हा तो रोग. असा रोगी पुष्कळदा निजत नाही, उलट अतिशय उद्योगी असतो. एलवुड पाहा. छावणीत सर्वांत अधिक कष्ट तोच करतो. त्याची प्रत्येक खटपट ही रिकामपणापासून पळ काढण्याची खटपट आहे. व्यक्तिरेखेचे हे मर्म फीनिक्स यांनी फार समजून उमजून रंगवले आहे. त्यांच्या चेहऱ्यावर लोभ जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती झोप उडालेल्या माणसाची मरगळ.

मराठी वाचकाला हे जग परके वाटू नये. गणवेशातल्या माणसाची थट्टा हा आपल्या लोकनाट्याचा जुना अधिकार आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) कोतवालपदाची आस धरलेल्या हवालदाराच्या भूमिकेत दादा कोंडके यांनी महाराष्ट्राला पोट धरधरून हसवले. पुढे त्यांनीच १९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’ पडद्यावर आणला. तो विनोद खेळकर होता. त्याचे काळे रूप त्याआधीच, १९७२ मध्ये, पुण्याने पाहिले होते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये शहराच्या रक्षणासाठी नेमलेला माणूसच शहराचा काळ होतो. त्याला ती सत्ता देणारे नाना फडणवीस मात्र शेवटी हात झटकून सुरक्षित राहतात.

इतिहासही हेच सांगतो. ज्या राजवटीच्या फौजेने जानेवारी १७७९ मध्ये आमच्या येथून जवळच, वडगावला, इंग्रजांना तह करायला लावला, त्याच राजवटीत बारा वर्षांनी, १७९१ मध्ये, घाशीरामाच्या कोठडीत माणसे गुदमरून मेली. त्याही आधी, १७७३ मध्ये, पगाराची थकबाकी मागणाऱ्या गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव घेतला. ते वाड्याच्याच चाकरीतले शिपाई होते. आणि फार मागे कशाला जायचे? मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ नावाची ३१ मजल्यांची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी कारगिलच्या वीरांचे नाव घेतले गेले, आणि सदनिका मिळालेल्यांत राजकारणी, सनदी नोकर आणि लष्करी अधिकारी यांचे आप्तस्वकीय निघाले. २०१० मध्ये प्रकरण उघडकीस आल्यावर राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला, त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. श्टुटगार्टच्या छावणीतला कारकून कुलाब्यालाही फारसा चुकला नसता.

शुभवर्तमान उघडले तर तेथेही हा रिकामा शिपाई आपल्याला भेटतो. येशूला काट्यांचा मुकुट घालून, हातात बोरू देऊन, त्याच्यापुढे गुडघे टेकणारे सैनिक कुणाचे वैरी होते? त्यांचे त्या कैद्याशी काहीच वैर नव्हते. दूरच्या प्रांतात पहाऱ्यावर नेमलेली ती माणसे वेळ घालवीत होती. क्रुसाखाली त्यांनी वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्याही तशाच. यरुशलेममध्ये सियोन भगिनींच्या मठाखाली एक जुनी फरसबंदी दाखवतात. तिच्यावर रोमन शिपायांनी खेळासाठी कोरलेल्या रेघा आहेत. संशोधकांच्या मते ती फरसबंदी येशूच्या नंतरची, दुसऱ्या शतकातली आहे. असो. रेघा त्याच दिवसाच्या नसल्या तरी ज्या दुपारच्या त्या आहेत, ती दुपार तशीच होती. पुढे मत्तय सांगतो त्याप्रमाणे कबरीवरच्या पहारेकऱ्यांनी पैसे घेतले आणि आपण झोपलो होतो, असे सांगण्याचे कबूल केले. पहारेकऱ्याने आपल्या झोपेची साक्ष विकणे! एवढा कडवट विनोद ‘बफेलो सोल्जर्स’च्या लेखकालाही सुचलेला नाही.

येथवर आम्ही चित्रपटाच्या बाजूने बोललो. आता त्याच्यातले उणे सांगितले पाहिजे. उपहासाला एक मोजपट्टी लागते. वाकडे दाखवायचे तर सरळ काय, हे लेखकाच्या मनात तरी असावे लागते. ‘बफेलो सोल्जर्स’मध्ये ते कुठेच आढळत नाही. भ्रष्टाचार मोडून काढायला येतो तो सार्जंट ली (स्कॉट ग्लेन), व्हिएतनाममध्ये लढलेला जुना सैनिक. दिग्दर्शक त्याला शिस्तीचा नव्हे, क्रौर्याचा प्रतिनिधी करतो. एलवुडच्या आवडत्या मर्सिडीजला नेमबाजीचे लक्ष्य करून ली तिची चाळण करतो, तेव्हा आपण पुन्हा हसतो आणि त्या हसण्यातच चोर व शिपाई यांतला भेद पुसला जातो. एलवुड सूड म्हणून लीच्या मुलीच्या (अ‍ॅना पॅक्विन) मागे लागतो आणि खरोखर तिच्यात गुंततो. क्षणभर वाटते, आता या माणसाचे काही बदलेल. परंतु शेवटी आपल्याला तो दिसतो हवाईच्या बेटावर, नव्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, त्याच जुन्या कामावर. इतकी माणसे मेली आणि नायकाची झाली ती बदली! दिग्दर्शकाला हा उपहास वाटत असेल. आम्हांला तो थकवा वाटला. कंटाळ्याविषयी चित्रपट काढता काढता दिग्दर्शकच त्या कंटाळ्याला वश झाला आहे. चांगुलपणा त्याला सुचत नाही, कारण चांगुलपणाचाही त्याला वीट आलेला आहे. ‘घाशीराम’ पाहून आपण बाहेर पडतो ते आपल्याही हातात दगड आहे की काय, हे चाचपीत. येथे आपण बाहेर पडतो ते खांदे उडवीत. दोन कलाकृतींमधले हे अंतर आम्हांला निर्णायक वाटते.

चित्रपट संपल्यावर सुभेदारसाहेब बराच वेळ गप्प होते. ते रागावले असावेत, अशी आमची समजूत झाली. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, “फादर, यात खोटं काही नाही. पण हे पुरं नाही.”

“म्हणजे?”

“आमच्या नोकरीतली कित्येक वर्षं कोठारावर गेली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर सालाला मोजदाद. तीच पेटी, तोच नंबर. मोजणारा माणूस कंटाळला ना, की आकडा आपोआप जुळतो. तिथूनच सगळं सुरू होतं. चोर नंतर येतो.”

“मग तुम्ही कसे सांभाळलेत?”

ते हसले. “नेहमी सांभाळलं असं कुठं म्हणतोय? पण आमचे एक जुने उस्ताद होते. रात्री पहाऱ्यावर आम्ही कुरकुर करायचो, काहीच घडत नाही म्हणून. ते म्हणायचे, अरे, काही घडू नये म्हणूनच तर तुला उभा केलाय. सकाळी काही घडलं नाही म्हणजे तुझं काम झालं. पिच्चरमधल्या त्या पोरांना हे कुणी सांगितलंच नाही, फादर.”

संपूर्ण चित्रपटाचे परीक्षण या चार वाक्यांत झाले, असे आम्हांला वाटते. शेतकऱ्याला पीक दिसते, गवंड्याला भिंत दिसते. पहारेकऱ्याच्या कामाचे फळ म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा कंटाळा इतरांच्या कंटाळ्याहून अधिक घातक. आपण यशस्वी होत आहोत, हेच त्याला कळत नाही. चित्रपटातील वर्ष आठवा. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत एक गोळी न झाडता उघडली. चार दशके ज्या युद्धासाठी त्या छावण्या उभ्या होत्या, ते युद्ध झालेच नाही. ते का झाले नाही, याची कारणे इतिहासकार सांगोत. परंतु न झालेले युद्ध ही मानवजातीला मिळालेली केवढी मोठी देणगी आहे! या चित्रपटात त्या देणगीविषयी चकार शब्द नाही. शांतता म्हणजे युद्धाची गैरहजेरी आणि गैरहजेरी म्हणजे कंटाळा, एवढेच समीकरण त्याला ठाऊक आहे.

याच प्रश्नावर योहान बाप्तिस्ताचे उत्तर किती साधे होते! लूकच्या तिसऱ्या अध्यायात काही शिपाई त्याच्याकडे येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान हा उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, राजालाही न भिणारा संदेष्टा. तो त्यांना तलवार टाकून द्या म्हणेल, असे वाटते. तो तसे म्हणत नाही. कुणाकडून धाकदपटशाने पैसा उकळू नका, कुणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. संत ऑगस्टिन यांनी सैनिकी पेशाविषयी लिहिताना या उत्तराचा आधार घेतला आहे. आम्ही ते पूर्वी अनेकदा वाचले होते आणि प्रत्येक वेळी ते थोडे फिके वाटले होते. आता ध्यानात येते की ‘समाधान माना’ हा तिसरा उपदेश पहिल्या दोहोंच्या मुळाशी आहे. ज्याचे आपल्या जागी मन रमते, तो दुसऱ्याच्या खिशात हात घालीत नाही.

शेवटी एक कबुली देणे आवश्यक आहे. चित्रपटातील सर्व पात्रांमध्ये आम्हांला ओळखीचा वाटला तो एलवुड नव्हे, सार्जंट नव्हे, तर कर्नल बर्मन. एड हॅरिस यांनी हा माणूस दुष्ट रंगवलेला नाही. तो सुस्वभावी आहे, गोंधळलेला आहे, आपली योग्यता वरिष्ठांच्या ध्यानात यावी म्हणून धडपडतो आहे आणि समोर आलेल्या कागदावर विश्वासाने सही करतो. त्याच्या छावणीत जे जे घडते ते त्याने केलेले नाही, फक्त त्याने पाहिलेले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने हे दृश्य स्वस्थपणे पाहणे कठीण आहे. वर्षानुवर्षे त्याच वेदीवर तीच प्रार्थना, समोर तीच पंधरा-वीस माणसे आणि दुपारी चारच्या सुमारास खिडकीतून दिसणारा न हलणारा सूर्य. एका धर्मग्रामात असताना हिशेबाची वही आम्ही कित्येक महिने न वाचता सही करून परत दिली होती. सुदैवाने रकमेत काही खोट निघाली नाही. परंतु तेव्हा आम्ही प्रामाणिक होतो, असे म्हणवत नाही. आमच्यापाशी एलवुड नव्हता, इतकेच. यारोस्लाव हाशेकच्या ‘श्वेइक’ या कादंबरीतला ओटो काट्झ हा मद्यपी लष्करी धर्मगुरू वाचून आम्ही तरुणपणी रागावलो होतो. आज रागवत नाही. त्या पात्राची सुरुवात मद्याने झाली नसावी, न वाचलेल्या कुठल्याशा कागदाने झाली असावी.

मग मुलांना चित्रपट दाखवावा की नाही? त्यातली भाषा, नशा व शय्यादृश्ये पाहता धर्मग्रामाच्या सभागृहात तो सर्वांसमक्ष दाखवणे आम्हांला योग्य वाटले नाही, आणि तसे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले. त्यांचे चेहरे उतरले. परंतु भरतीला निघालेल्या तिघांना, ते वयाने सज्ञान असल्याने, आम्ही एका संध्याकाळी घरी बोलावले, निवडक प्रसंग दाखवले आणि सुभेदारसाहेबांना त्यांच्यासमोर बसवले. रणगाड्याच्या प्रसंगाला मुले खळखळून हसली. सुभेदारसाहेबांनी त्यांना हसू दिले. मग त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, “त्या ट्रकांवर जे दोघं मेले, त्यांची नावं तुमच्या ध्यानात आहेत का?” कुणाच्याच नव्हती. आमच्याही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडले तेव्हा मुले नेहमीप्रमाणे धावत होती. फाट्यावरून वाहनांचा तांडा जात होता. त्याला वाट देण्यासाठी ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि मग पुन्हा धावू लागली. आम्ही आत गेलो. वेदीजवळचा दिवा रात्रभर जळत होता. रात्री काहीही घडले नव्हते.